टेलिकास्टरचं मधल्या जोडीचं दुखणं

गिटारची मोकळी तार सुरात लागते, पण बाराव्या फ्रेटवर दाबली की सूर चढतो, कारण दाबताना तार ताणली जाते. म्हणून सॅडल, म्हणजे तार ज्यावर टेकते तो ब्रिजवरचा तुकडा, थोडं मागे सरकवून तारेची लांबी वाढवतात. किती, ते मुख्यतः तारेच्या गाभ्याच्या जाडीवर ठरतं.

फेंडरच्या 1950च्या दशकातल्या टेलिकास्टर गिटारवर सहा तारांना तीनच सॅडल होती, म्हणजे दोन तारांना मिळून एक. खरी कुचंबणा मधल्या, तिसऱ्या-चौथ्या तारेच्या जोडीची. त्या काळी तिसरी तारही बहुधा गुंडाळलेली असे, म्हणून निभावून जाई. आजची तिसरी तार बहुधा साधी, जाड गाभ्याची. तिला शेजारच्या चौथीपेक्षा जास्त लांबी लागते. एकीला सुरात आणलं की दुसरी बेसूर! कॉम्पेन्सेटेड सॅडलवर दोघींचे टेकू पुढेमागे असतात, हा मला फार सुंदर उपाय वाटतो.

असं सॅडल निवडताना आपली तिसरी तार कोणती, ते आधी पाहा. नव्या तारा चढवा, सॅडलची उंची ठरवा. मग बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि दाबलेला सूर ट्यूनरवर ताडून पाहा. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे, उतरा असेल तर पुढे. दर वेळी तार पुन्हा सुरात लावा. नंतर उंची बदललीत, तर हे सगळं नव्याने करावं लागतं.