छोटा कॅक्टस : आधी ओळख, मग आडोसा

हिंजवडी वाढत नेऱ्याच्या शिवेला टेकली, तसं गॅलरीतल्या कुंड्यांना आपल्या दाराशीच गिऱ्हाईक आलं. छोट्या कॅक्टसला जागा कमी लागते, म्हणून रोपवाटिकेत तो ठेवावा असं कित्येकांना वाटतं. जरूर ठेवा. पण रोपांचे ट्रे आणण्याआधी एवढं ध्यानात घ्या, की मुळशीत कॅक्टस मरतो तो तहानेनं नव्हे, आषाढातल्या पावसानं. मुळं कुजतात, बुंधा मऊ पडतो आणि वरून हिरवागार दिसणारा गोळा बोट लावताच आडवा होतो. घातलेले पैसे मातीत!

आता ओळख. बांधावरचा त्रिधारी निवडुंग हा कॅक्टस नव्हे. त्याचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर इजा होते, जपून. फड्या निवडुंग मात्र अस्सल कॅक्टस, मूळचा अमेरिकेचा. खऱ्या कॅक्टसचे काटे गादीसारख्या लवदार ठिपक्यातून झुबक्यानं निघतात. चीक काही मॅमिलेरियांतही असतो, म्हणून भरवसा ठिपक्यावरच ठेवावा. शिवनेरीच्या कड्यावरची शिंदळ माकुडीही कॅक्टस नाही, ती रुईच्या कुळातली. ती अतिशय दुर्मीळ आहे; उपटून आणायचा विचारही करू नका.

बाजारातल्या जातींत मॅमिलेरिया गाठीगाठींचा असतो, त्याची फुलं बहुधा माथ्याभोवती कड्यासारखी येतात. जिम्नोकॅलिसियमच्या कळीवर काटे किंवा लव नसते. एकिनॉप्सिसच्या फुलाची नळी लांब आणि केसाळ असते. लाल-पिवळा गोळा हे कलम असतं. त्या गोळ्यात हरितद्रव्य नाही. त्याला पोसतो तो खालचा ड्रॅगन फ्रूटच्या जातीचा तीनधारी दांडा. दांडा कुजला की गोळाही गेला. हा माल जन्मभर टिकेल असं सांगून विकू नये, गिऱ्हाईक परत येईल ते भांडायला. माथ्यावर डिंकानं चिकटवलेली रंगीत सुकी फुलं असतील, तर ते रोप घेऊच नका.

आपली काळी माती इथं चालत नाही. बारीक मुरूम, चाळलेली भरड वाळू, विटांचा चुरा आणि थोडंसं कुजलेलं पानखत घ्या. कुंडीला भोक हवंच. आणलेल्या रोपाच्या मुळांना चिकटलेला कोकोपीट झाडून टाका, वर्तमानपत्राच्या घडीत धरून रोप लावा आणि आठवडाभर पाणी देऊ नका. पुढेही मिश्रण तळापर्यंत वाळल्याशिवाय पाणी नाही. जूनच्या सुरुवातीलाच वर पारदर्शक प्लॅस्टिक घाला, बाजू मात्र मोकळ्या ठेवा. कोंदट हवा पावसाइतकीच वाईट, बरं का. शेडनेटनं ऊन अडतं, पाऊस नाही.

बुंध्याशी पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण. रोप लगेच बाजूला काढा, स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा आणि मुळंही तपासा. निरोगी झाडाची पिल्लं काढून आठ-दहा दिवस सावलीत ठेवा. जखम सुकून कडक झाली की मगच लावा. हे काम पावसाळ्यात नको, फेब्रुवारी-मार्चमध्ये करा.