प्रवाळाचें पाणी



समुद्र घरांत आणण्याची हौस हल्लीं पुष्कळ घरांत दिसते. दिवाणखान्याच्या कोपऱ्यांत कांचेची पेटी, तींत खारें पाणी, डोलणारे प्रवाळ व त्यांच्यामधून सळसळणारे रंगीत मासे. दृश्य मोठें मनोहर असतें. परंतु हा समुद्र बहुतेक घरीं गोड्या पाण्यांत क्षारांचें मिश्रण कालवूनच तयार होतो. तें गोडें पाणी कसें शुद्ध करावें व त्यासाठीं कोणतें यंत्र घ्यावें, याविषयीं आज दोन शब्द सांगावयाचे आहेत.

माझ्या नातवानें अशी पेटी मांडली आणि पाणी वापरलें तें स्वयंपाकघरांतील आर. ओ. यंत्राचें. "आजोबा, आपण पितों तेंच पाणी, मग भीति कसली?" असें तो म्हणाला, आणि मलाहि तें पटलें. तीन महिन्यांत खडकांवर शेवाळाचा थर चढला, प्रवाळांनीं अंग चोरलें व एकामागून एक ते झिजून गेले. माणसाला चांगलें तें प्रवाळालाहि चांगलें, असें आम्हीं दोघांनीं गृहीत धरलें होतें.

नळाच्या पाण्यांत जंतुनाशक म्हणून क्लोरीन असतो. शिवाय नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट आणि क्वचित् तांबें हीं द्रव्यें त्यांत विरघळलेलीं असतात. आपल्याला त्यांचा अल्प अंश बाधत नाहीं. पण प्रवाळ ज्या समुद्रांत वाढतात, तेथें फॉस्फेटचें प्रमाण लिटरमागें मिलिग्रॅमच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास असतें. तें वाढलें कीं शेवाळ माजतें. तांबें तर प्रवाळ, कोळंबी, गोगलगाई यांना विषच होय.

आतां थोडें गणित पाहूं. शंभर लिटरच्या पेटींतून रोज दीड लिटर पाणी वाफ होऊन जातें असें धरा. वाफ निव्वळ पाण्याची होते. विरघळलेलें सारें मागें राहतें. महिन्याला ४५ लिटर पाणी भरावें लागलें व त्यांत लिटरमागें ३०० मिलिग्रॅम क्षार असले, तर महिनाअखेर साडेतेरा ग्रॅम क्षार पेटींत सांचले. त्यांत निरुपद्रवी किती व अपायकारक किती, हें डोळ्यांना दिसत नाहीं. म्हणून भरावयाचें पाणी जवळजवळ निर्भेळ असलें पाहिजे.

पाणी उकळल्यानें किंवा अतिनील दिव्यानें जंतु मरतात; नायट्रेट व फॉस्फेट जागच्या जागींच राहतात. घरगुती आर. ओ. यंत्रें पाण्याला चव यावी म्हणून पुष्कळदां शेवटीं थोडें मूळ पाणी मिसळतात किंवा खनिजें घालतात. आमच्या यंत्राचें पाणी क्षारमापकानें मोजलें, तेव्हां आंकडा ८० निघाला.

प्रवाळासाठीं चार पायऱ्यांचें यंत्र लागतें. पहिली गाळणी माती व गंज अडविते. दुसरी कोळशाची, ती क्लोरीन काढून टाकते. हिला गौण समजूं नये, कारण पुढील पायरीचा पातळ पडदा क्लोरीननें खराब होतो. तिसरी पायरी या पडद्याची. दाबाखालीं पाणी त्यांतून पार होतें, क्षार अलीकडे राहतात. चौथी पायरी रेझिनच्या मण्यांची. पडद्यांतून निसटलेला अंश ते धरून ठेवतात.

पडदा निवडतांना त्रैराशिक मांडावें. तो शेंकडा ९५ क्षार अडवीत असेल, तर ३०० पैकीं १५ पुढें जातात. ९८ अडवीत असेल, तर ६ च. म्हणजे दुसऱ्या पडद्यामागें तेंच रेझिन अडीचपट टिकतें. स्वस्त पडदा अखेर महाग पडतो तो असा.

या पडद्याला दर चौरस सेंटिमीटरला सुमारें ४ किलोग्रॅम दाब लागतो. गच्चीवरील टाकी नळाच्या १० मीटर वर असली, तरी मिळतो १ किलोग्रॅमच. म्हणून टाकीच्या पाण्यावर राहणाऱ्यांनीं दाब वाढविणाऱ्या पंपासह यंत्र घ्यावें. क्षारमापकानें पडद्यानंतर व रेझिननंतर असें दोन ठिकाणीं पाणी मोजावें. शेवटचा आंकडा शून्य असावा. तो एकावर गेला कीं रेझिन बदलावें.

एक लिटर शुद्ध पाण्यामागें साधारण तीन-चार लिटर पाणी यंत्र बाहेर टाकतें. आपल्याकडे उन्हाळ्यांत कित्येक गांवें टँकरची वाट पाहतात. तेव्हां तें मोरींत सोडूं नये. बादलींत धरून लादी पुसण्यास व संडासांत वापरावें.

आणखी एक सांगावयाचें राहिलें. आपल्या समुद्रांतील दगडी प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें संरक्षण आहे. ते तोडणें व विकणें हा गुन्हा आहे. विकणाऱ्याजवळ रीतसर कागद नसतील, तर हौस आवरावी.

समुद्र सोडून आपल्या घरीं आलेल्या जीवाला तक्रार करतां येत नाहीं. त्याच्या वतीनें बोलतो तो मापकाचा आंकडा. तो आठवड्याला पाहण्याची शिस्त ज्याच्या अंगीं असेल, त्यानेंच पेटी मांडावी. माझ्या नातवानें ती शिस्त आतां लावून घेतली आहे. पण त्या धड्याची किंमत मुक्या जीवांनीं दिली. आपल्या घरीं ती द्यावी लागूं नये, एवढ्यासाठींच हें बोललों.