वर सडा, खाली खाडी

पहाटे ५.३०, दापोली

जानेवारीत दापोलीला स्वेटर लागतो. चाकांची हवा अंगठ्याने दाबून पाहायची, चेन पुसून तिला तेलाचे दोन थेंब द्यायचे, मग मागच्या दोन्ही पिशव्या उचलून वजन सारखं आहे ना ते बघायचं. एक बाजू जड झाली की उतारावर सायकल ओढ खाते. आज जयगड गाठायचं आहे. अंतर ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर, पण कोकणात किलोमीटर मोजून काही कळत नाही, चढ मोजावे लागतात. प्रत्येक खाडीला पार पाण्यापर्यंत उतरायचं आणि पलीकडे पुन्हा सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, चढायचं. आज खाड्या दोन, दाभोळला वाशिष्ठीची आणि जयगडला शास्त्रीची.

७.००, दाभोळच्या वाटेवर

वाटेत भेटेल त्याच्याशी पुढच्या दिवसांबद्दल बोलायचं, हे माझं काम. पण थेट "पुढे काय होईल?" विचारलं की माणूस एकतर पेपरातलं बोलतो नाहीतर वर बोट करतो. दापोलीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे आणि कलमांचा विषय या भागात कुणालाही परका नाही. म्हणून मी विचारते, "येत्या पावसात कलमं लावणार का?" हापूसचं कलम धरायला पाच-सहा वर्षं घेतं. जो लावणार म्हणतो, त्याने तेवढ्या वर्षांचं उत्तर देऊन टाकलेलं असतं. कुंपणाला चिवे बांधणारे एक आजोबा म्हणाले, "लावणार तर. पाणी कोण घालणार ते तुम्ही सांगा."

८.४५, दाभोळ जेटी

फेरीबोट नुकतीच सुटलेली. तिकिटाच्या खिडकीशी नेहमीची प्रश्नपत्रिका: ताई, एकट्याच? मिस्टर काय करतात? रेकॉर्ड करताय का? रेकॉर्ड मुंबईच्या पारशी पोरांनी कधीच करून ठेवलंय, असं मी सांगते. १९२३ मध्ये सहा जण सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले. हकीम, बापासोला आणि भुमगारा हे तिघे ती पुरी करून १९२८ मध्ये परतले. मला फक्त जयगडला जायचंय. यावर सगळे जरा निराश होतात.

बोटीवर दोर सांभाळणाऱ्याला पुलाबद्दल विचारलं. रेवस ते रेड्डी सागरी महामार्गाची गोष्ट अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासूनची. तो रस्ता पुरा झाला की खाड्यांवर पूल येणार, मग फेरीबोट कशाला?

"पूल होईस्तोवर मी घरी बसलेला असेन," तो म्हणाला. "आणि झालाच लवकर, तर बोट काय सिमेंटची आहे? दुसऱ्या खाडीत नेऊ." बोलता बोलता त्याने पायाने फळी सरकवली, माझ्या पुढच्या चाकाखाली लाकडाचा तुकडा सारला आणि पुढच्या टेम्पोला हात केला. पोटापाण्याबद्दल इतकं निर्धास्त उत्तर मला पुण्यातल्या कुठल्याच ऑफिसात मिळालेलं नाही.

१०.१५, धोपावेचा चढ

सगळ्यात लहान गिअर आणि तरी शेवटी उतरून ढकलणं. चढ संपल्यावर टपरी, चहा, गुळाची चिक्की. पलीकडे अंजनवेलच्या बाजूला वीजप्रकल्प. तालुक्यात त्याला अजून 'एन्रॉन'च म्हणतात, जरी ती कंपनी २००१ मध्ये अमेरिकेत बुडाली आणि २००५ पासून प्रकल्प रत्नागिरी गॅस अँड पॉवरच्या नावावर आहे. १९९२ मध्ये बोलणी झाली, १९९९ मध्ये वीज आली, २००१ मध्ये बंद.

टपरीवाल्या काकांनी तेव्हा कर्ज काढून साहेबलोकांसाठी चार खोल्या बांधल्या. प्रत्येकीला कमोड. "इंग्लिश पद्धतीचा, गावात पहिला!" आता दोन खोल्यांत काजूबी, एकीत सरपण. चौथीत ते स्वतः झोपतात, कारण तिथला पंखा चांगला आहे. मी कलमांचं विचारलं. "कलमं नको. मुलगा म्हणतो होमस्टे करू. मी म्हटलं, कमोड आहेतच."

१२.३०, गुहागर

व्याडेश्वराच्या देवळाजवळ खाणावळीत आमटीभात, सोलकढी दोनदा. मग दोन तास सावलीत आडवं होणं. उन्हात चढ घेण्यात कसलाही पराक्रम नाही.

३.१५, पालशेतच्या पुढे

मोहोराचा वास आणि त्यात मिसळलेला फवारणीचा. बागेच्या गडग्याशी पाणी मागायला थांबले तर राखणदार नेपाळचा. रत्नागिरीच्या बागांतून आता हेच लोक दिसतात. दिवाळीच्या सुमाराला येतात, आंबा उतरला की जातात. यांचा हा कितवा तरी हंगाम. एका हातात गलोल, कारण वानरं मोहोरसुद्धा ओरबाडतात. बोलणं हिंदीत. यंदा थंडी उशिरा पडली, मोहोर पुढेमागे झालाय, फुलकिडीने बरेच शेंडे काळे पडलेत, हे त्यांनी एक डहाळी वाकवून नखाने दाखवलं. मालकालाही इतकं नेमकं सांगता येईल असं वाटत नाही.

"मालकाचा मुलगा मुंबईत," ते म्हणाले, "माझा मलेशियात. दोघंही इथे येणार नाहीत." मग गलोलीचं रबर ताणून पाहत म्हणाले, "फिर आम कौन गिनेगा, दीदी?" मला सुचलं नाही. त्यांनी बाटली काठोकाठ भरून दिली आणि हेदवीचा चढ खराब आहे, लवकर निघा, म्हणून बजावलं.

चढ खरंच खराब होता.

५.३०, तवसाळ

दिवसातली दुसरी बोट. कॉलेजची पोरं मोबाईलमध्ये. कुणी काही विचारलं नाही, मीही नाही. पाय थरथरत होते.

७.३०, जयगड

'घरगुती राहण्याची व जेवणाची सोय.' काकूंचं घर चिऱ्याचं, वर स्लॅब. स्लॅबच्या चारी कोपऱ्यांतून सळया वर आलेल्या आणि प्रत्येकीच्या टोकाला प्लास्टिकची बाटली उलटी घातलेली. सायकल ओट्यावर चढवताना मी विचारलं, "वरचा मजला कधी?"

"लेक म्हणते, बंदर आलं, कोळशावरची वीज आली, आता पर्यटक पण येतील, बांध. जावई म्हणतात, थांबा. मिस्त्रीला विचारलं. तो म्हणाला, सळईत अजून दम आहे, घाई नको."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"मी दर दिवाळीला बाटल्या बदलते," काकू म्हणाल्या. "सुरमई तळू का? तिचे पैसे वेगळे पडतील."