गुडघा सांभाळणारी १५ मिनिटं

स्वीडनमध्ये २००९च्या हंगामात १२ ते १७ वर्षांच्या ४,५६४ फुटबॉलपटू मुलींचा अभ्यास झाला. काही संघांनी आठवड्यातून दोनदा, सरावाच्या सुरुवातीला १५ मिनिटं ठरावीक व्यायाम केले. त्यांच्यात गुडघ्यातल्या एसीएल या अस्थिबंधाच्या दुखापतींचं प्रमाण इतर संघांपेक्षा ६४ टक्क्यांनी कमी आढळलं.

● व्यायाम सहा : एका पायावर बैठक, दोन्ही पायांवर बैठक, पाठीवर झोपून कंबर उचलणं, प्लँक (पालथं होऊन कोपरांवर शरीर सरळ तोलणं), लंज (एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवणं), उडी मारून नीट उतरणं.

● लक्ष कुठे : उतरताना गुडघे थोडे वाकलेले आणि पावलांच्या रेषेत हवेत, आत झुकायला नकोत.

● पथ्य : खंड नको. नियमित व्यायाम करणाऱ्या मुलींना फायदा जास्त झाला.