समितीतल्या खासदाराला एक वर्ष पुरत नाही

संसद म्हटलं की टीव्हीवर दिसणारं सभागृह डोळ्यांपुढे येतं. पण विधेयक कलमवार वाचणं, खात्याला खर्चाचा जाब विचारणं हे काम बंद दाराआड, विभागसंबंधित स्थायी समित्यांत चालतं. १९९३ मध्ये या समित्या १७ होत्या, २००४ पासून २४ आहेत. प्रत्येकीत ३१ सदस्य : लोकसभेचे २१, राज्यसभेचे १०. मंत्र्याला तिथे जागा नाही. कोणत्या पक्षाला किती जागा, हे संख्याबळावरून ठरतं. पक्ष नावं कळवतो, लोकसभेचे अध्यक्ष आणि राज्यसभेचे सभापती नेमणूक करतात. खासदाराने पसंती सांगितली तरी शेतीची जाण असलेला कृषी समितीतच जाईल, याची खात्री नसते. संख्याबळाचं सूत्र न्याय्य आहे. घोडं अडतं ते मुदतीवर, कारण समितीचं आयुष्य जास्तीत जास्त एक वर्षाचं.

अर्थसंकल्प मांडल्यावर सभागृह काही दिवस थांबतं आणि समित्या अनुदानाच्या मागण्या तपासतात. सदस्यापुढे आकड्यांचे रकाने असतात : अर्थसंकल्पी अंदाज, सुधारित अंदाज, प्रत्यक्ष खर्च. एखाद्या योजनेची तरतूद दरवर्षी मोठी आणि खर्च दरवर्षी तोकडा, हे कागदावर कोणालाही दिसेल. पण गेल्या वर्षी याच खुर्चीत बसून सचिवांनी काय कबूल केलं होतं, ते तिथे हजर असलेल्यालाच नेमकं आठवतं. शिफारशींवर सरकारने तीन महिन्यांत उत्तर द्यायचं असतं. मार्चमधल्या अहवालाचं उत्तर पावसाळ्यात येतं, आणि त्याची छाननी होईतो समितीची मुदत भरत आलेली असते. २०२४ मध्ये तर निवडणुकीनंतर समित्या सप्टेंबरअखेरीस बनल्या. जुलैच्या अर्थसंकल्पातल्या मागण्या त्यांच्या तपासणीविनाच मंजूर झाल्या.

पुन्हा नेमणूक होऊ शकते, मग अडचण काय, असं कोणी म्हणेल. होते, पण ती पक्षाच्या मर्जीवर. ज्याला पुढच्या वर्षाचा भरवसा नाही, तो एका खात्याचा अभ्यास मन लावून का करील? एकाच समितीत मुरलेला खासदार खात्याचा किंवा उद्योगांचा मिंधा होईल, ही भीती मात्र खरी आहे. तरीही समितीत सगळ्या पक्षांचे लोक असतात, असहमतीची टिपणी अहवालात छापली जाते. हा पहारा मुदत वाढली तरी राहतोच. राज्यसभेचे एक तृतीयांश सदस्य दर दोन वर्षांनी निवृत्त होतात, तेव्हा तेवढ्याच जागा भराव्यात. लोकसभेच्या सदस्यांना मात्र सभागृहाच्या पूर्ण मुदतीसाठी नेमावं. त्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. दोन्ही सभागृहांनी आपापल्या नियमांत बदल केला की पुरे.