हळुवार स्वरांचा शोध

गेल्या पावसाळ्यात घरभेटीच्या निमित्ताने आम्ही आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबात गेलो होतो. लग्नसराई संपून गावातील कर्णे नुकतेच थंडावले होते, आणि घरच्या आजीबाई त्या कर्ण्यांविषयीची आपली तक्रार आम्हांस सविस्तर ऐकवीत होत्या. इतक्यात आतल्या खोलीतून गिटारीच्या साथीवर गाणाऱ्या एका स्त्रीचा स्वर ऐकू आला. नातीने मोबाइलवर एक इंग्रजी गीत लावले होते. आजीबाई बोलता बोलता थांबल्या. गीत संपल्यावर म्हणाल्या, "फादर, शब्द एक कळला नाही बघा, पण ती बाई माझ्या शेजारी बसून गात होती असं वाटलं."

आजीबाईंचा हा अभिप्राय एखाद्या संगीतज्ञास शोभेल असा आहे. इंग्रजीत ज्यास 'ईझी लिसनिंग' म्हणतात, त्या शांत व हळुवार गायनाचे मर्म नेमके हेच. पूर्वी गायकास शेवटच्या रांगेतील श्रोत्यासाठी आवाज चढवावा लागे. १९२५ च्या सुमारास ध्वनिमुद्रणात विजेवर चालणारा मायक्रोफोन आला आणि कानाशी बोलावे तसे गाणे शक्य झाले. अमेरिकेत बिंग क्रॉस्बी यांच्यासारख्या गायकांनी ही रीत घरोघरी पोहोचविली. पुढे मोठमोठ्या कंपन्यांनी अशा गीतांचा व्यापार मांडला आणि व्यापार म्हटला की, माल कोणत्या फळीवर ठेवावयाचा, हा प्रश्न आलाच. ज्यांचा आवाज कोणत्याच फळीवर बसत नाही, त्यांना स्वतःच्या बळावर अथवा एखाद्या लहानशा कंपनीच्या आधारावर आपला अल्बम काढावा लागतो. त्यासच स्वतंत्र अल्बम म्हणतात.

आजीबाईंच्या शेजारी बसून गाणारी ती गायिका अशांपैकीच एक होती. तिचे नाव ईव्हा कॅसिडी.

ईव्हाचा जन्म २ फेब्रुवारी १९६३ रोजी अमेरिकेतील वॉशिंग्टन येथे झाला. गिटार तिला वडिलांनी शिकविली. स्वभावाने ती अतिशय लाजाळू होती. रोपवाटिकेत काम करून ती उदरनिर्वाह करी, चित्रे काढी आणि इतरांच्या ध्वनिमुद्रणांत मागे राहून साथीचे सूर देई. १९८६ साली ख्रिस बिऑन्डो या ध्वनिमुद्रकाशी तिची ओळख झाली. या आवाजाचे मोल त्याने ओळखले व तिची गीते तो मुद्रित करीत गेला. मोठ्या कंपन्यांनीही तिचा आवाज ऐकला. परंतु ती लोकगीते गाई, जॅझ गाई, ब्लूज गाई आणि भक्तिगीतेही गाई. कोणता तरी एकच प्रकार निवड, असा आग्रह झाला. तो तिने मानला नाही.

१९९६ च्या जानेवारीत २ व ३ तारखेस वॉशिंग्टनमधील 'ब्लूज ॲली' या लहानशा संगीतगृहात तिचे गायन मुद्रित करण्यात आले. पहिल्या रात्रीचे मुद्रण यंत्रातील दोषामुळे वाया गेले. दुसऱ्या रात्री तिला सर्दी झालेली होती. स्वतःचा आवाज तिला मुळीच पसंत पडला नाही आणि अल्बम काढण्यास ती तयार होईना. आपल्या आवडीचे एक गीत त्यात घालावयाचे व लागलीच नव्या अल्बमचे काम सुरू करावयाचे, या अटींवर ती अखेर राजी झाली. 'लाइव्ह ॲट ब्लूज ॲली' हा अल्बम त्याच वर्षी कोणत्याही बड्या कंपनीवाचून बाहेर पडला.

त्या उन्हाळ्यात एका शाळेच्या भिंतींवर चित्रे रंगवीत असता तिची कंबर दुखू लागली. शिडीवर चढउतार केल्यामुळे असेल, असे तिला वाटले. तीन वर्षांपूर्वी तिच्या पाठीवरचा कर्करोगाचा तीळ काढण्यात आला होता. तोच रोग आता हाडांत व फुप्फुसांत पसरल्याचे तपासणीत आढळले. सप्टेंबरमध्ये तिच्या मदतीसाठी स्नेह्यांनी भरविलेल्या मैफलीत ती अखेरचे गायली. हे जग किती सुंदर आहे, अशा आशयाचे ते गीत होते. २ नोव्हेंबर १९९६ रोजी, ज्या दिवशी आपण आपल्या मृतांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतो त्याच दिवशी, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी तिचे निधन झाले. आपल्या शहराबाहेर तिचे नाव तेव्हा फारसे कोणास ठाऊक नव्हते.

यापुढे जे घडले त्यात जाहिरातीचा वाटा थोडा आणि माणसांचा अधिक आहे. ग्रेस ग्रिफिथ या लोकगीत-गायिकेने ईव्हाची गीते 'ब्लिक्स स्ट्रीट' या लहान कंपनीचे चालक बिल स्ट्रॉ यांना ऐकविली. त्यांनी निवडक गीतांचा 'साँगबर्ड' हा अल्बम १९९८ साली काढला. तो इंग्लंडमध्ये बी. बी. सी. रेडिओच्या एका निर्मात्याच्या हाती पडला आणि टेरी वोगन यांच्या सकाळच्या कार्यक्रमात त्यातील गीते वाजू लागली. घाईने कामास निघालेली माणसे हातचे काम टाकून ही कोण गाते म्हणून विचारू लागली. 'ब्लूज ॲली'मध्ये कोणीतरी साध्या घरगुती कॅमेऱ्याने टिपलेले तिचे गायन पुढे दूरचित्रवाणीवर दाखविण्यात आले. २००१ च्या मार्चमध्ये 'साँगबर्ड' इंग्लंडमधील खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचला. त्या वेळी तिला जाऊन चार वर्षांहून अधिक काळ लोटला होता. सर्दीने बसलेला म्हणून जो आवाज तिला स्वतःला नकोसा झाला होता, तोच जगाने जपून ठेवला.

वाचकहो, असा अल्बम सापडावा कसा, असे आपण विचाराल. प्रथम हे ध्यानात घ्यावे की, हळू गायलेले सर्वच काही चांगले नसते. पुष्कळसे नुसते साखरपाणी असते. शब्द स्पष्ट उमटतो काय, दोन ओळींमधील विराम गायकास सोसतो काय, वाद्ये आवाजास वाट देतात काय, हे पाहावे. एकच गीत ऐकून मत बनवू नये. रात्री जेवणे आटोपल्यावर सबंध अल्बम एकत्र बसून ऐकावा. गायकाबरोबर वादकांची व ध्वनिमुद्रकाचीही नावे वाचावीत, कारण एका नावावरून दुसऱ्या चांगल्या अल्बमचा माग लागतो. २००८ साली सुरू झालेल्या 'बँडकॅम्प'सारख्या इंटरनेटवरील विक्रीकेंद्रावर स्वतंत्र कलावंत आपले अल्बम स्वतः विकतात. आवडलेला एखादा अल्बम मोल देऊन घ्यावा. आणि शेवटी, ग्रेस ग्रिफिथने केले तेच आपणही करावे: दुसऱ्या एकास तो ऐकवावा.

आता आमच्या पदरची एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. ज्या नातीने ते गीत लावले होते, ती आमच्या गायकवृंदात मागच्या रांगेत उभी असे. तिला तेथे आम्हीच उभे केले होते. "तुझा आवाज दारापर्यंत पोहोचत नाही," असे आम्ही तिला चारचौघांत म्हटले होते, आणि तेव्हापासून ती केवळ ओठ हलवीत असे, हे आम्हांस त्या दिवशी आजीबाईंकडून कळले. घरी परतल्यावर ईव्हाची हकीकत वाचीत असता ते शब्द आम्हांस पुन्हा पुन्हा आठवत राहिले.

पुढच्या सरावाच्या वेळी आम्ही बाजाची पेटी बंद ठेवली आणि त्या मुलीस एक कडवे एकटीने गावयास सांगितले. प्रथम तिने मान हलविली; मग ती हळू आवाजात गायली. मागच्या बाकांवर खिदळणारी पोरे गप्प झाली. आवाज दारापर्यंत पोहोचला की नाही, हे आम्ही पाहिले नाही. आम्हीच चार पावले पुढे सरकून ऐकले.