लहरींच्या गर्दीत हरवलेला संकेत

ऑस्ट्रेलियातील पार्क्स येथे ६४ मीटर व्यासाची प्रख्यात रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या १९९८ पासूनच्या नोंदींत अधूनमधून एक क्षणभंगुर स्पंद उमटलेला आढळे. दूरस्थ विश्वातून येणाऱ्या स्पंदांशी त्याचे साम्य होते. मात्र तो बहुधा दिवसा, कामाच्या वेळातच प्रकटे. २०१५ साली या गूढाची उकल झाली. तो स्पंद उमटला त्याच क्षणी व्यत्यय टिपणाऱ्या यंत्राने २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासचा संकेत नोंदवला होता. संशोधकांनी मग वेधशाळेतील मायक्रोवेव्ह ओव्हन चालू असतानाच त्याचे दार उघडून पाहिले, आणि तोच स्पंद पुन्हा उमटला!

वेळेची नोंद, तुलना आणि पुनःप्रयोग ही त्या शोधाची त्रिसूत्री आपल्या घरातील व दुकानातील वाय-फायलाही तितकीच लागू पडते. गिऱ्हाईक समोर उभे आहे, कार्डयंत्रावर चक्र फिरते आहे आणि व्यवहार काही पुरा होत नाही, असा प्रसंग कोणावर आला नसेल?

२.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्याविना वापरता येतो. म्हणूनच तेथे गर्दी फार. वाय-फाय, ब्लूटूथ, बिनतारी माउस ही सारी मंडळी तेथेच नांदतात आणि ओव्हनमधून झिरपणाऱ्या लहरीही त्याच पट्ट्यात येतात.

निदानाची पहिली पायरी म्हणजे संगणक तारेने राउटरला जोडून पाहणे. तरीही गती मंद असेल, तर दोष बहुधा बाहेरून येणाऱ्या जोडणीचा. तारेवर सारे सुरळीत असेल, तर राउटरपासून दोन-तीन मीटरवर उभे राहून पाहावे. तेथे संकेत उत्तम आणि दूर गेल्यावर क्षीण होत असेल, तर अडथळा भिंतींचा वा लोखंडी कपाटाचा. परंतु संकेताच्या रेषा पूर्ण दिसत असूनही जोडणी अडखळत असेल, तर व्यत्ययाची शंका घ्यावी. अशा वेळी एकेक उपकरण बंद करीत जावे आणि बिघाडाच्या वेळा टिपून ठेवाव्यात.

उपाय खर्चिक नाहीत. राउटर उंच, मोकळ्या जागी आणि ओव्हनपासून दूर ठेवावा. २.४ गिगाहर्ट्झमध्ये १, ६ आणि ११ या वाहिन्या एकमेकींवर चढत नाहीत. त्यांतील सर्वांत कमी गर्दीची निवडावी. मधलीच एखादी घेतल्यास दोन्हीकडच्या शेजाऱ्यांचा उपद्रव सोसावा लागतो. वाहिनीची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवावी. उपकरणास शक्य असल्यास ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरावा. तेथे गर्दी कमी असते. मात्र त्या लहरी भिंतींपलीकडे तितक्या पोचत नाहीत. एका जागी स्थिर असणाऱ्या यंत्रास तार जोडणे हा तर सर्वोत्तम उपाय!

एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. जोडणी मध्येच तुटली म्हणजे व्यवहार झालाच नाही, असे नव्हे. पैसे खात्यातून गेलेले असू शकतात. केवळ पोच परतलेली नसते. म्हणून पुन्हा पैसे देण्यापूर्वी खात्यातील नोंद तपासावी. लहरी डोळ्यांना दिसत नाहीत, परंतु पद्धतशीर शोधापुढे त्यांचे गूढ फार काळ टिकत नाही, हेच पार्क्सच्या त्या ओव्हनने दाखवून दिले आहे.